डबा उघडण्याआधीचं काम

चामोर्शी, जि. गडचिरोली

चि. बापू यास,


पावसाळ्यासाठी मांडव्याला बोटी किनाऱ्यावर चढल्या की स्टर्नड्राइव्हच्या लेगना, म्हणजे बोटीमागच्या पंख्याच्या पाण्यातल्या पायांना, रंग द्यायचं काम तुझ्या अंगावर येणार, असं तू फोनवर म्हणालास. ऐकून आनंद झाला. मुंबईला माझी उमर याच कामात गेली. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. हे पत्र जपून ठेव आणि काम करताना जवळ असू दे.

आपल्याकडचं पोरगं लोखंड पाहत मोठं होतं. सुरजागडची खाण, कोनसरीचा कारखाना, रस्त्यावरची ती तांबडी धूळ. त्यामुळे धातू खराब होतो म्हणजे तांबडा गंज चढतो, एवढंच आपल्या डोळ्याला माहीत. तुझ्यासमोरची लेग मात्र ॲल्युमिनियमची ओतीव आहे. तिचा गंज पांढरा असतो. आधी रंगाला मुगाच्या दाण्याएवढा फोड येतो आणि तो नखाने उचकटला की आतून पांढरी पूड निघते. तेवढ्यावर रंगाचा हात मारून पुढे जाणारे पुष्कळ भेटतील. तू तसं करू नकोस. त्या पुडीखाली धातूला खड्डा पडलेला असतो, आणि वरून नवा रंग दिला तरी तो आतल्या आत वाढतच राहतो.

हे का होतं ते आधी नीट समजून घे. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्यात वीज वाहते, आणि दोघांतला जास्त क्रियाशील धातू झिजतो. याचा जुना दाखला ऐक: ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोनेक वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा तांब्याला लागलेले लोखंडी खिळे गळून गेले होते. पण पत्र्याला गुंडाळून आलेला तपकिरी कागद जिथे चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे शाबूत निघाले. तुझा रंग म्हणजे तो कागद. लेग ॲल्युमिनियमची, पंखा बहुधा स्टेनलेस स्टीलचा, बोल्टही स्टेनलेसचे आणि भोवती समुद्र. या सगळ्यांच्या मध्ये उभा राहतो तो रंगाचा पातळ थर.

मात्र एकट्या रंगाच्या भरवशावर राहू नकोस. लेगवर रंग अखंड आहे आणि कुठेतरी एकच ओरखडा गेला आहे, असं समज. उघड्या स्टेनलेस पंख्याचा सगळा जोर मग त्या एवढ्याशा ओरखड्यावर येतो आणि तिथे खोल भोक पडतं. तो जोर स्वतःवर घ्यायला लेगला झिंकचा तुकडा बसवलेला असतो. झिंक झिजलेलं दिसलं तर ते आपलं काम करतं आहे, असं समज. अर्धं झिजलं की बदलून टाक. वर्षभर पाण्यात राहूनही ते नव्यासारखं कोरं असेल, तर मात्र काळजी कर: एकतर त्याच्यावर कुणीतरी रंग फासला आहे, नाहीतर त्याचा लेगशी संपर्क तुटला आहे. झिंकवर रंगाचा थेंबही पडता कामा नये, आणि ते जिथे टेकतं ती जागा घासून धातू उघडा करूनच बसव. लेगच्या भागांना जोडणाऱ्या बारीक तारा मल्टीमीटरने तपास. तार तुटली की तिच्या पलीकडच्या भागाला झिंकचा काही उपयोग नाही.

झिंक म्हणतो खरं, पण धातू पाण्याप्रमाणे बदलतो. समुद्रात जस्ताचं किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचं. गोसीखुर्दच्या जलाशयात चालणाऱ्या बोटीला मॅग्नेशियमचं शोभतं. तीच बोट तशीच मांडव्याच्या पाण्यात उतरवली, तर ते भराभर विरघळेल, आणि वर त्याचा जोर इतका जास्त की लेगचा रंग फोड येऊन सुटायला लागेल. रंग वाईट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी आधी हे पाहावं.

आता रंगाकडे येतो. लेगचा रंग किती टिकणार ते डबा उघडण्याआधीच ठरलेलं असतं. बोट वर आली की लेग गोड्या पाण्याने धू, मीठ पूर्ण जाऊ दे. प्रेशरचा फवारा लेगच्या सांध्यावरच्या रबरी बेलोवर धरू नकोस. मग सॉल्व्हंटने ग्रीस पूस, आणि त्यानंतरच पॉलिशपेपर लाव. आधी घासलंस तर ग्रीस धातूत आणखी मुरेल. लोखंडी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमला लावू नकोस, कारण त्याचे कण धातूत रुततात आणि प्रत्येक कण नव्या फोडाचं बी होतो. पांढरी पूड खड्ड्याच्या तळापर्यंत काढ. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे त्याची कड उतरती घास, पायरी ठेवू नकोस. घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो, म्हणून घासलेल्या भागाला त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर प्रायमर दे. जेवून येऊन देतो, असं म्हणू नकोस.

पहिला हात एच (etch) प्रायमरचा, पातळ. हा जाड दिला की उलट सुटतो. त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आणि मग वरचा रंग. हे सगळं एकाच कंपनीचं घे आणि कशावर काय चालतं ते तिच्या माहितीपत्रकात वाच, कारण काही एच प्रायमरवर इपॉक्सी धरत नाही. लेगच्या रंगाचा स्प्रे मिळतो, त्याने दिवसभरात लेग नवी दिसते. बोट विकायची असेल त्याला तो पुरतो, चालवायची असेल त्याला नाही.

हवामानाचं भान ठेव. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रंग ब्रशवरच सुकायला लागतो. तुमच्याकडे त्रास ओलाव्याचा. धातू दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम असल्याशिवाय डबा उघडू नकोस. सकाळी लेगवर ओल दिसत नसली तरी ती असते. ऊन चढू दे, आणि संध्याकाळची ओल धरायच्या आत हात थांबव. जून-जुलैत शेडमध्येसुद्धा हे जमणं कठीण आहे. मालकाला सांगून जमेल तेवढं रंगकाम पाऊस लागायच्या आत उरकून घे.

शेवटचा हात शेवाळ आणि कवचाचे जीव धरू नयेत म्हणून देतात, आणि सगळ्यात मोठा घात तिथेच होतो. बोटीच्या तळाला जो तांबंवाला रंग लागतो त्याचा उरलेला डबा लेगला फासतात. म्हणजे ॲल्युमिनियमच्या अंगावर तांबं चोळलं! डब्यावर क्युप्रस ऑक्साइड लिहिलेलं असेल तर तो लेगच्या जवळ आणू नकोस. ॲल्युमिनियमसाठी चालणारा वेगळा रंग मिळतो, तोच माग. तळाचा तांबंवाला रंगही लेगच्या बैठकीपासून चांगली दीड इंच जागा सोडून थांबव. आउटबोर्ड मोटर काम झालं की पाण्याबाहेर उचलता येते. स्टर्नड्राइव्ह पूर्ण बाहेर येत नाही आणि वर उचलून ठेवली तर बेलोवर ताण येतो. ती पाण्यातच राहणार, म्हणून तिला तो ॲल्युमिनियमला चालणारा रंग लागतो. लेग वर-खाली करणारे ट्रिमचे चकचकीत दांडे, सील, पाणी ओढायची छिद्रं आणि झिंक यांवर आधी टेप लाव.

तुझ्या छातीची मला फार काळजी वाटते. जुन्या लेगवर कधी पिवळा प्रायमर लागेल. तो झिंक क्रोमेटचा असू शकतो आणि त्याच्या धुळीने कॅन्सर होऊ शकतो. असा रंग कोरडा घासू नकोस, पाणी लावून घास आणि धूळ अडवणारा चांगला मास्क लाव. दोन भागांचा पॉलियुरेथेन फवारताना तो मास्कही पुरत नाही. त्याच्या हार्डनरची वाफ श्वासात गेली की दमा लागू शकतो आणि मग तो जन्मभर पाठ सोडेलच असं नाही. तोंडाला रुमाल बांधून फवारा मारणारे अनुभवी कारागीर तिथे दिसतील. त्यांचं काम बघून शिक, ही सवय उचलू नकोस. मालक मास्क देत नसेल तर मला कळव, पैसे मी पाठवतो.

मांडव्याला दोन-तीन हंगाम मन लावून काढ. आपल्या जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, आणि तेव्हा माणसं काढायला बोटीच लागतात. त्यांच्या मोटरचा पाय याच धातूचा. वर्षातले बरेच महिने तो कोरडा पडून असतो आणि पुरात नदीची रेती त्याचा रंग खरवडते. हे ओळखणारा माणूस इथे हवा आहे. इथे येशील की नाही ते तू ठरव, पण शिकताना हे मनात असू दे.

पहिली लेग घासून झाली की प्रायमर द्यायच्या आधी तिचा फोटो पाठव. झिंक बसतं ती जागा आणि पंख्यामागचा भाग जवळून घे. इकडे सगळं ठीक. पऱ्हे टाकायची तयारी चालू आहे, तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे.

तुझा
काका