वाटा म्हणजे किती?

पोरी, एआय एजंटसाठी टूल लिहायचं काम तुझ्याकडे आलं हे ऐकून बरं वाटलं. कोड तुला माझ्याहून चांगला येतो, त्यावर मी काही बोलणार नाही. मला सांगायचंय ते टूलच्या वर्णनाच्या चार ओळींबद्दल. त्या जाता जाता उरकू नकोस.

एजंट तुझा कोड उघडून बघत नाही. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल घे, नाहीतर दुसरी कुठली पद्धत घे. मॉडेलच्या हाती पडतं ते टूलचं नाव, वर्णन आणि त्यात काय काय भरायचं याचा तक्ता. नवा खलाशी अडला तर तांडेलाला विचारतो तरी. एजंट बऱ्याचदा अंदाज बांधतो आणि पुढे जातो.

आपल्या घरच्या मासळीच्या ऑर्डरींसाठी मी टूल केलं होतं ना, त्याचं नाव होतं ‘भाव’ आणि वर्णन ‘मासळीचा भाव देते’. एका गिऱ्हाइकाने दोन किलो मांदेली विचारली. टूलने वाट्याचा भाव दिला, 100 रुपये. एजंटने दोनाने गुणून 200 सांगितले. चूक त्याची नव्हती. तुझ्या आजीला टोपलीशी बसलेलं ज्याने पाहिलंय त्याला कळतं की वाटा हाताने लावतात, तराजूने नाही. मला ते इतकं अंगवळणी पडलेलं की लिहायचंच राहिलं. त्या रात्री बसून पुन्हा लिहिलं:

‘आजचा_भाव: एका मासळीचा आजचा विक्रीचा भाव रुपयांत देते. भाव किलोचा, नगाचा की वाट्याचा, ते उत्तरात लिहिलेलं असतं. वाट्याचं वजन ठरलेलं नसतं. त्याचा भाव किलोत बदलू नये. सकाळी 9 च्या आधी विचारल्यास कालचा भाव येतो, सोबत तारीख येते. ऑर्डर घेण्यासाठी हे टूल नाही. त्यासाठी ऑर्डर_नोंदव वापरावं.’

यातली ‘नाही’ आणि ‘नये’ची वाक्यं नीट बघ. टूल काय करतं ते सगळेच लिहितात. कुठे वापरायचं नाही, ते लिहिलं की शेजारच्या टूलशी होणारी गल्लत थांबते.

आकडा कधी नुसता सोडू नकोस. आपले म्हातारे खोली वावांत सांगायचे. दहा वाव म्हणजे अठरा मीटरच्या आसपास. तक्त्यात रकान्याचं नाव ‘खोली’ ठेवलंस तर कोण काय भरेल? ‘खोली_मीटर’ लिही. आणि माप कुठून कुठपर्यंतचं, तेही लिही. मुंबईच्या कोस्टल रोडच्या पुलाखालून वरळीच्या क्लीव्हलँड बंदराच्या होड्यांना वाट हवी म्हणून आपली माणसं किती वर्षं भांडली, तुला माहीत आहे. आराखड्यात दोन खांबांत 60 मीटर होते, आपली मागणी 200 ची, 2022 च्या अखेरीस 120 वर ठरलं. पण खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेलं अंतर वेगळं आणि होडीला प्रत्यक्ष मोकळं मिळणारं पाणी वेगळं. आकडा तोच असतो, होडी मात्र घासते.

हे चांगलं कसं करतात ते बघायचं तर हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा, उपग्रहांच्या माहितीवरून काढलेला, मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचा सल्ला वाच. कुठल्या ठिकाणापासून, कुठल्या दिशेला, किती अंशांवर, किती किलोमीटरपासून किती किलोमीटरपर्यंत, किती मीटर खोलीत, शिवाय अक्षांश-रेखांश. उपग्रह न कळणाऱ्या नाखवालाही तो वापरता येतो.

आता उत्तराबद्दल. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते. तेव्हा माझं टूल रिकामी यादी द्यायचं आणि एजंट गिऱ्हाइकाला रोज सांगायचा, ‘आजचा माल संपला, उद्या विचारा.’ रिकामं उत्तर देऊ नकोस. ‘बंदीचा काळ आहे, ताजी पापलेट नाहीत, सुकटीसाठी सुकी_मासळी विचारा’ असं दे. चूक कळवणाऱ्या निरोपातही पुढची वाट दाखव.

ज्या टूलने जगात काही बदलतं, तिथे दुप्पट जप. भाव दहादा विचारला तरी बिघडत नाही. ऑर्डर मात्र, उत्तर यायला उशीर झाला म्हणून एजंटने पुन्हा पाठवली, तर दोनदा लागते. तेव्हा वर्णनात स्पष्ट लिही: हे टूल ऑर्डर पक्की करतं, आधी गिऱ्हाइकाचा होकार घ्यावा, पुन्हा पाठवताना तोच ऑर्डर क्रमांक द्यावा. पण नुसत्या लिहिण्यावर विसंबू नकोस. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी ऑर्डर होणार नाही, हे कोडमध्येही बांध.

रविवारी ये. वर्णनं कागदावर छापून आण, कोड आणू नकोस. आपण ती तुझ्या आजीला वाचून दाखवू. ती मध्ये जिथे ‘म्हंजे काय गो?’ म्हणेल, तिथे पेन्सिलने खूण कर.