डासांतील जंतूंची रंगपरीक्षा

एडिस इजिप्ती जातीचा डास डेंग्यू ज्वर पसरवितो, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. याच डासाच्या अंगांत वोल्बाकिया नांवाचे सूक्ष्म जंतु घातले, तर डेंग्यूच्या विषाणूंची वाढ खुंटते. हे जंतु मादीच्या अंड्यांतून पुढील पिढींत उतरतात. इंडोनेशियांतील योग्यकर्ता शहराच्या ज्या भागांत असे डास सोडले, तेथें डेंग्यूचें प्रमाण शेंकडा ७७ नें कमी आढळलें, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें.

परंतु कोणत्या डासांत जंतु आहेत, हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. पी. सी. आर. रीतींत मिश्रण पुनःपुन्हां तापवावें व निववावें लागतें. त्यास महाग यंत्र हवें. जपानी शास्त्रज्ञांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या 'लॅम्प' रीतींत सुमारें ६५ अंशांची एकच उष्णता पुरते. डास चिरडून काढलेला अर्क गुलाबी मिश्रणांत घालतात. जंतु असल्यास त्यांच्या डी. एन. ए. च्या असंख्य प्रती बनतात, त्याबरोबर आम्लता वाढते आणि रंग पिवळा होतो. आपल्या लिटमसच्या प्रयोगाचेंच हें भावंड होय.

मात्र शेजारीं जंतुरहित डासाच्या अर्काची नळी अवश्य ठेवावी. तीही पिवळी झाली, तर परीक्षा व्यर्थ समजावी. खोट्या 'होय'वर विसंबून डास सोडणें थांबविलें, तर गांवांतील मुलेंबाळें ज्वराच्या तोंडीं राहतील. विद्यार्थ्यांनो, जी परीक्षा 'नाहीं' म्हणूं शकत नाहीं, तिच्या 'होय'वर विश्वास ठेवूं नये, असें आम्हांस वाटतें.