दिव्यांची अक्षरे

नागपूरच्या विमानतळावर एके काळी मध्यरात्री मोठी गडबड असे. १९४९ सालच्या जानेवारीत आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत आणि नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई. मग आपापल्या पिशव्या घेऊन विमाने परत फिरत.

आता विचार करा. रात्र काळोखी. खाली शेते, माळ, झाडे, सारे एकच काळे. त्या काळोखात विमान उतरवायचे कुठे?

तुम्ही म्हणाल, विमानाला पुढे दिवे असतीलच की! असतात. पण प्रवासी जेट विमान जमिनीला टेकते, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर असतो. आपण तोंडाने ‘एक’ म्हणेपर्यंत ते ७० मीटर पुढे गेलेले असते. आपल्याच दिव्याच्या उजेडात वाट शोधायला त्याला सवड कुठली? म्हणून जमिनीवर वाट दिव्यांनी लिहून ठेवावी लागते. वैमानिक ती वरून वाचतो.

रंगांचा अर्थ

ज्या लांब, पक्क्या पट्टीवर विमान उतरते तिला धावपट्टी म्हणतात. तिच्या दोन्ही कडांना पांढऱ्या दिव्यांच्या रांगा असतात. सुरुवातीला हिरव्या दिव्यांची आडवी ओळ असते. हिरवा म्हणजे ‘येथून धावपट्टी सुरू’. शेवटाला लाल दिवे असतात. लाल म्हणजे ‘येथे धावपट्टी संपली’.

मोठ्या धावपट्टीच्या मधोमधही दिवे असतात. ते आधी पांढरे दिसतात. धावपट्टी ९०० मीटर उरली की एक लाल, एक पांढरा असे दिसू लागतात. शेवटच्या ३०० मीटरमध्ये सगळे लाल.

उतरलेले विमान धावपट्टीवरून बाजूच्या रस्त्याने हळूहळू इमारतीकडे जाते. या रस्त्याला टॅक्सीमार्ग म्हणतात. त्याच्या कडेला निळे दिवे असतात आणि काही ठिकाणी मधोमध हिरवे. हा रस्ता विमानाने चालत जाण्याचा आहे. येथे आकाशातून उतरायचे नाही.

आपल्याकडे अक्षराचा आवाज ठरलेला आहे. ‘क’ला कोणी ‘म’ म्हणत नाही. तसाच येथे रंगाचा अर्थ ठरलेला आहे, आणि तो साऱ्या जगात एकच. १९४४ साली शिकागो येथे अनेक देशांनी मिळून करार केला. त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. तिच्या नियमांप्रमाणे हे रंग ठरतात. म्हणून मुंबईचा वैमानिक टोकियोला गेला, तरी तेथील दिवे त्याला वाचता येतात.

डोळे फसतात

रात्री आणखी एक अडचण येते. विमानतळाच्या अलीकडे समुद्र असला किंवा ओसाड माळ असला, की तेथे एकही दिवा नसतो. दूरवर फक्त धावपट्टीचे दिवे दिसतात. अशा वेळी वैमानिकाला वाटते, आपण फार उंच आहोत. तो विमान खाली आणतो. प्रत्यक्षात उंची बरोबरच असते! या चुकीने विमान धावपट्टीच्या आधीच जमिनीला लागू शकते.

यावर एक सोपी युक्ती काढलेली आहे. धावपट्टीच्या बाजूला, बहुधा डाव्या हाताला, चार दिवे एका ओळीत ठेवतात. प्रत्येक दिव्याचा झोत वरच्या बाजूने पांढरा आणि खालच्या बाजूने लाल दिसतो. चारही दिवे थोड्या वेगवेगळ्या कोनात बसवलेले असतात. मग वैमानिकाला असे दिसते :

चारही पांढरे – विमान फार उंच आहे.
दोन पांढरे, दोन लाल – उंची बरोबर आहे.
चारही लाल – विमान फार खाली आहे. धोका!

इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या दिव्यांना ‘पापी’ म्हणतात. नाव पापी, पण काम मात्र पुण्याचे!

एक खरी गोष्ट

दिवे लावले म्हणजे सारे झाले का? नाही. ते नीट वाचावेही लागतात. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी घडलेली गोष्ट ऐका.

७ जुलै २०१७ची रात्र. बारा वाजायला थोडाच वेळ होता. कॅनडातील टोरंटो शहराहून एक विमान येत होते. त्यात १४० माणसे होती. सॅन फ्रान्सिस्कोला शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या आहेत. विमानाला उजव्या पट्टीवर उतरायचे होते. डावी पट्टी त्या रात्री दुरुस्तीसाठी बंद होती. तिचे दिवे मालवलेले होते.

वैमानिकांच्या मनात मात्र दोन उजळलेल्या पट्ट्यांचे चित्र होते. त्यामुळे उजवी पट्टी त्यांना डावी वाटली. तिच्या उजवीकडचा टॅक्सीमार्ग त्यांना धावपट्टी वाटला. ते टॅक्सीमार्गाकडे निघाले. तेथे चार विमाने माणसांनी भरलेली, उड्डाणाची वाट पाहत उभी होती.

समोर दिवे दिसतात, म्हणून वैमानिकांनी मनोऱ्याला विचारले, धावपट्टी मोकळी आहे ना? मनोऱ्यातून उत्तर आले, मोकळी आहे. ते खरेच होते, कारण धावपट्टी मोकळीच होती! पण विमान धावपट्टीकडे येतच नव्हते. खाली उभ्या असलेल्या एका वैमानिकाने रेडिओवर ओरडून सांगितले, की हा तर टॅक्सीमार्गावर येतो आहे. वरच्या वैमानिकांनाही काहीतरी चुकते आहे असे वाटले. त्यांनी यंत्रे जोरात सुरू केली आणि विमान वर उचलले. तोवर ते जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर आले होते. शेकडो माणसे थोडक्यात वाचली. तेच विमान फेरी मारून आले आणि योग्य धावपट्टीवर सुखरूप उतरले.

पुढे चौकशी झाली. डावी पट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना दिलेल्या कागदांत छापलेली होती! पण ती इतर सूचनांच्या गर्दीत होती. ऐन वेळी ती त्यांच्या ध्यानात राहिली नाही. शिकलेली, अनुभवी माणसे ती. तरी मनात जे आधीच धरले होते तेच त्यांनी वाचले, आणि समोरचे वाचायचे राहिले.

मात्र एक गोष्ट त्यांनी योग्य केली. शंका येताच ते थांबले. वैमानिकांचा नियमच आहे : उतरताना शंका आली, तर उतरू नये, वर जावे आणि पुन्हा यावे. त्यात कमीपणा नाही. आपणही कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी हाच नियम पाळावा. शंका आली, की हात आवरावा आणि पुन्हा वाचावे.

आपले काम

आपण विमान चालवत नाही. पण विमानतळाच्या आसपास आपली गावे आहेत, वस्त्या आहेत. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत आकाशात लेझरचे झोत सोडतात. तो झोत वैमानिकाच्या डोळ्यांवर पडला, तर काही क्षण त्याला काहीच दिसत नाही. आणि एका क्षणात ७० मीटर, हे आपण वर पाहिलेच. विमानतळाजवळ असे झोत सोडायला मनाई असते. पण पोलिसांच्या भीतीने कशाला? वर येणाऱ्या विमानात कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाची तरी आई असते. त्यांची वाट दिव्यांनी लिहिलेली आहे. त्या लिखाणावर आपण रेघोट्या ओढू नयेत.

विचार करा आणि लिहा

१. निळे दिवे कोठे असतात?
२. चारही ‘पापी’ दिवे लाल दिसले, तर वैमानिकाने काय समजावे?
३. मनोऱ्याचे उत्तर खरे होते, तरी धोका का होता?
४. घाईत नीट न वाचल्यामुळे तुमच्या गावात कोणाचे नुकसान झाले आहे का? चार ओळी लिहा.