खांबावरचा ड्रॅगन

ड्रॅगन हा गोष्टीतला प्राणी. अंगावर खवले आणि तोंडातून ज्वाळा! असा प्राणी पृथ्वीवर कोठेही नाही. परंतु खवलेदार लाल फळे देणाऱ्या एका वनस्पतीने त्याचे नाव घेतले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात काही शेतांत सिमेंटच्या खांबांच्या रांगा दिसतात व त्यांच्या माथ्यावरून तीनधारी हिरव्या फांद्या लोंबतात. हेच ड्रॅगन फ्रूट. गुजरात सरकारने २०२१ साली त्याला 'कमलम्' हे नाव दिले.

ही वनस्पती निवडुंगाच्या कुळातील आहे. तिचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथील रानात ती वायवी मुळांनी झाडांना धरून वर चढते. पाने जवळजवळ नाहीतच. पानांचे काम हिरवे खोडच करते.

आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. मग येथे ती कशी तगते? बहुतेक वनस्पती दिवसा रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्याच वेळी उन्हामुळे पाणीही गमावतात. ड्रॅगन फ्रूटची रंध्रे मुख्यतः रात्री, हवा गार असताना उघडतात. आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो. दिवसा रंध्रे मिटतात, आम्लातून वायू सुटतो आणि सूर्यप्रकाशात त्याची साखर बनते.

पानफुटीही असेच करते. तिची पाने सकाळी आंबट लागतात, पण दिवस वर येताच तो आंबटपणा जातो, हे बेंजामिन हाइन यांनी भारतात असतानाच टिपले होते. त्यांचे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झाले.

मात्र कमी पाण्यावर जगणारी वनस्पती म्हणजे कशीही जगणारी वनस्पती नव्हे. रानात तिला झाडाचा आधार मिळतो. शेतात खांब द्यावा लागतो. रानात सावली मिळते. येथे कडक उन्हाने खोड पिवळे पडून करपते. मुळाशी पाणी साचले, तर ती कुजतात. फूल एकच रात्र उमलते. मूळ प्रदेशात वटवाघळे व मोठे पतंग परागण करतात. फुलात परागकोश खाली आणि कुक्षी उंच असते. शिवाय काही वाणांना दुसऱ्या वाणाचेच पराग लागतात. म्हणून कित्येक ठिकाणी शेतकऱ्याला रात्री बॅटरी व कुंचला घेऊन वटवाघळाचे काम करावे लागते! पहाटे मधमाश्याही थोडी मदत करतात. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत या पिकाचा अभ्यास होतो.

आता एक प्रयोग करा. पानफुटीचे एक पान सूर्योदयापूर्वी तोडा आणि त्याच रोपाचे दुसरे पान सायंकाळी. पाने तोडताच सारख्या वजनाचे तुकडे सारख्या पाण्यात वाटून रस गाळा. दोन्हींत फिनॉलफ्थॅलीनचे दोन थेंब टाका. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली सोडियम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण थेंबथेंब घाला व गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब मोजा. कोणत्या रसाला जास्त थेंब लागले? हाच प्रयोग जास्वंदीच्या पानांवर करून फरक पाहा.

एखादे पीक दुष्काळी भागाला योग्य आहे असे कोणी म्हटले, तर त्याच्या मूळ रानात त्याला काय काय मिळत होते, हे आधी विचारा. त्यातले जे येथे नाही, ते शेतकऱ्यालाच पुरवावे लागते.