कॅमेऱ्याचे भिंग अडकले तर काय करावे?

आपण विज्ञानात बहिर्गोल भिंग शिकतो. तेच भिंग कॅमेऱ्यात असते. ते अडकले तर काय करावे, याची माहिती मी येथे देत आहे.

भिंग हलावे का लागते?
एक प्रयोग करून पाहा. खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा. खिडकीसमोर पांढरा कागद धरा आणि मध्ये भिंग धरून पुढेमागे करा. एका ठिकाणी बाहेरच्या झाडाचे उलटे चित्र कागदावर स्पष्ट उमटते. भिंग जरा सरकले की चित्र पुसट! वस्तू जवळची असेल तर भिंग कागदापासून लांब न्यावे लागते. कॅमेऱ्यातही असेच चालते. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात. बारीक मोटार आणि दातेरी चाके त्यांना आतबाहेर करतात.

भिंग का अडकते?
मुख्य कारणे तीन. सेल उतरलेला असतो, नळ्यांच्या फटीत वाळूचा कण जातो किंवा कॅमेरा पडून नळी वाकते. कान देऊन ऐका. काहीच आवाज नसेल तर आधी सेल पाहा. टर्रर्र आवाज येतो पण नळी सरकत नाही, तर कण अडकला असेल किंवा चाकाचा दाता मोडला असेल.

काय करावे?
१. कॅमेरा बंद करून सेल आणि कार्ड काढा.
२. सेल पूर्ण चार्ज करून पुन्हा बसवा.
३. तरीही अडले तर कॅमेरा बंद करा. भिंगाचे तोंड जमिनीकडे करा आणि रबरी पंपाने फटीत हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते.
४. नळी हाताने ओढू नका. जोर केला की दाते मोडलेच समजा.
५. एवढ्याने भागले नाही तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

सावधान! स्क्रू काढून कॅमेरा उघडू नका. फ्लॅशसाठी आत वीज साठवणारा भाग असतो. त्यात सुमारे ३०० व्होल्ट असतात. सेल काढल्यावरही ती वीज काही काळ राहते आणि जोराचा झटका बसतो.

कार्ड आधी का काढायचे?
आमच्या काकांचा कॅमेरा शिमग्याच्या धुळीत अडकला. त्यात आमच्या आजीचे फोटो होते. आजी आता नाही. एक दुकानदार म्हणाला, "जुना झाला, टाकून द्या." घरात सगळे गप्प झाले. पण फोटो भिंगात नसतात, कार्डात असतात. आम्ही कार्ड काढून संगणकात घातले, तर सगळे फोटो जसेच्या तसे! काका म्हणाले, "कॅमेरा गेला तरी चालंल बाळा, आई दिसली." पुढे तिसऱ्या कृतीने कॅमेराही चालू झाला.

मोठ्यांचेही अडते
सोव्हिएत संघाची व्हेनेरा ९ आणि व्हेनेरा १० ही याने १९७५ साली शुक्रावर उतरली. प्रत्येकावर दोन कॅमेरे होते, पण एकेकाच कॅमेऱ्याचे झाकण उघडले. १९७८ साली व्हेनेरा ११ आणि १२ यांची तर एकही झाकण उघडले नाही. तिथे हात लावायला कोण जाणार? शास्त्रज्ञांनी सुधारणा केली आणि १९८२ साली व्हेनेरा १३ आणि १४ यांनी शुक्राची रंगीत छायाचित्रे पाठवली.

पावसाळ्यातील काळजी
दमट हवेत भिंगावर जाळीसारखी बुरशी येते. म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी पांढऱ्या दाण्यांची पुडी मिळते. ती डब्यात टाका, पण लहान भावंडांच्या हाती देऊ नका.

पालकांना विनंती : घरी बंद कॅमेरा पडून असेल तर भंगारात देण्याआधी त्यातले कार्ड काढून पाहा. रोलचा कॅमेरा असेल तर त्याचे मागचे दार उजेडात उघडू नका, आत रोल असेल तर तो वाया जाईल. तो फोटो स्टुडिओत न्या.

— इयत्ता सातवी