बिनतारी जाळ्याचा द्वारपाल

पूर्वींच्या काळीं किल्ल्याच्या दरवाजावरील पहारेकरी आंत येणाऱ्यास दोन गोष्टी विचारीत असे: "तूं कोण?" आणि "परवलीचा शब्द काय?" आसनगांवाहून दिसणाऱ्या माहुलीच्या दरवाजांत आज पहारा नाहीं, परंतु तेच दोन प्रश्न शाळेच्या वाय-फाय जाळ्याच्या दारांत अजून विचारले जातात. त्यांपैकीं पहिल्याच प्रश्नावर किती विसंबावें, हें या लेखांत पाहूं.

इमारतींत ठिकठिकाणीं बसविलेलीं बिनतारी केंद्रें ज्या यंत्रास जोडलेलीं असतात, त्यास स्विच म्हणतात. हाच आपला द्वारपाल होय. जाळ्यास जोडावयाच्या प्रत्येक उपकरणास कारखान्यांतच एक पत्ता मिळतो. त्याचें नांव मॅक पत्ता. तो सहा जोड्यांत लिहितात, उदाहरणार्थ, ००-००-५ई-००-५३-०१. दहा अंक आणि ए पासून एफ पर्यंतचीं सहा अक्षरें अशीं सोळा चिन्हें त्यांत येऊं शकतात. पहिल्या तीन जोड्या आय.ई.ई.ई. ही संस्था कारखान्यास नेमून देते. उरलेल्या तीन जोड्यांतून १,६७,७७,२१६ निरनिराळे पत्ते होतात.

स्विचची व्यवस्था लावण्याची रीत अशी: प्रथम शाळेच्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता त्याच्या सेटिंगमधून पाहून उतरून घ्यावा. नंतर ते सर्व पत्ते स्विचमधील अथवा रेडियस नांवाच्या सर्व्हरवरील यादींत भरावे. जोड्यांमध्यें आडवी रेघ घालावयाची कीं दोन टिंबें, अक्षरें मोठीं कीं लहान, हें स्विच मागेल तसेंच असावें. येथें फरक पडल्यास ओळखीचें उपकरणहि बाहेर राहतें. मग त्या जाळ्यापुरती मॅक-तपासणी सुरू करावी. शेवटीं यादींतील एक व यादीबाहेरील एक अशा दोन उपकरणांनीं परीक्षा घ्यावी. पहिलें आंत गेलें एवढ्यानें भागत नाहीं. दुसरें अडलें पाहिजे.

परंतु हा पहारा पुरेसा आहे काय? उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायांतील कथा आठवा. दृष्टि मंद झालेल्या इसहाकास आवाजावरून शंका आली होती. तरी करडांचीं कातडीं गुंडाळलेले याकोबाचे हात चाचपून त्यानें त्यास एसाव समजून आशीर्वाद दिला. मॅक पत्त्याचेंहि तसेंच आहे. जाळ्यांतील मजकूर गुप्त लिपींत असला, तरी पाकिटावरील पत्त्याप्रमाणें हा पत्ता उघडाच प्रवास करितो. जवळपास असणारा कोणीहि तो टिपून आपल्या उपकरणास लावूं शकतो.

उलटपक्षीं, प्रामाणिक मनुष्यहि कधीं कधीं अडतो. २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून व २०२० सालच्या आयओएस १४ पासून भ्रमणध्वनी सामान्यतः निरनिराळ्या जाळ्यांस निरनिराळे कल्पित पत्ते सांगतात. मालकाच्या हालचालीवर कोणीं पाळत ठेवूं नये, हा त्यांतील हेतु. अशा पत्त्याचें दुसरें चिन्ह २, ६, ए किंवा ई असतें. शिक्षकाचा फोन यादींत असूनहि अडला, तर प्रथम हें चिन्ह पाहावें.

तेव्हां विवेक असा कीं, छापण्याच्या यंत्रासारखीं जीं उपकरणें परवलीचा शब्द सांगूं शकत नाहींत, त्यांसच पत्त्यावर प्रवेश द्यावा. आणि त्यांस जाळ्याच्या निराळ्या दालनांत ठेवून कामापुरतीच मोकळीक द्यावी. माणसांस मात्र ज्याचें त्याचें नांव व परवलीचा शब्द विचारावा. जेथें लोक नित्य बदलतात, तेथें तर यादी करणेंच अशक्य. जानेवारी २०१६ मध्यें मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वाय-फाय सुरू झालें, तेव्हां प्रवाशाच्या भ्रमणध्वनीवर एकवेळचा अंक पाठवून प्रवेश देण्याची योजना होती.

विद्यार्थिमित्रहो, द्वारपाल कितीहि दक्ष असला, तरी परवलीचा शब्द आंतल्यानेंच बाहेर सांगितला तर तो काय करणार? मित्राच्या भिडेनें दिलेला एक शब्द साऱ्या शाळेचें दार उघडूं शकतो. पालकांनींहि हें मुलांस घरीं समजावून सांगावें.