ताईचा लॅपटॉप जसाच्या तसा राहू दे

चि. बाळास,


ताईच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू का, असं विचारलंस. टाकू नकोस. तिचं बी.एड.चं सगळं काम त्यात आहे. बाहेरची एसएसडी घे आणि पूर्ण लिनक्स तिच्यावर बसव. मग खर्डीला ताईच्या लॅपटॉपवर आणि कल्याणला मित्राच्या, दोन्हीकडे तुझं काम जसं सोडलंस तसं उघडेल.

लाइव्ह पेन ड्राइव्ह निराळा. मशीन बंद केलं की त्यातले बदल सहसा टिकत नाहीत. तो इन्स्टॉलर म्हणून लागेलच, पण त्याच्यासारख्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर सिस्टिम बसवू नकोस. सतत लिहिण्या-पुसण्याने स्वस्तातले पेन ड्राइव्ह रडतखडत चालतात आणि लवकर जातात.

आता पुढचं दोनदा वाच. उबुंटू या लिनक्सच्या इन्स्टॉलरची एक खोड जुनी आहे. ‘ग्रब’ या बूटलोडरसाठी, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामसाठी, बाहेरची डिस्क निवडली, तरी यूईएफआय मशीनवर तो आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसू शकतो. तू एसएसडी घेऊन कसारा लोकलने कॉलेजला गेलास, की इकडे ताईला विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ दिसेल. बिचारीला कळणारही नाही काय झालं ते.

म्हणून आतली डिस्क काढता येत असेल, तर तेवढ्यापुरती काढून ठेव. ते जमत नसेल तर जीपार्टेड उघड आणि आतल्या ईएफआय पार्टिशनचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ हे फ्लॅग काढ. बाहेरच्या डिस्कवर 500 एमबीचं वेगळं फॅट32 ईएफआय पार्टिशन कर. काम झालं की आतले फ्लॅग आठवणीने परत लाव. शेवटी एसएसडीच्या त्या पार्टिशनमध्ये ईएफआय, त्यात बूट, आणि त्यात ‘बूटएक्स64.ईएफआय’ ही फाइल आहे ना, ते स्वतः उघडून बघ. अनोळखी मशीन तीच फाइल शोधतं. ती नसेल तर मित्राच्या लॅपटॉपवर तुझी डिस्क सुरूच होणार नाही.

डिस्क खिशात घेऊन गर्दीतून फिरणार आहेस, तेव्हा बसवतानाच एन्क्रिप्शनची खूण कर. पासवर्ड मात्र विसरू नकोस, तो गेला की फायलीही गेल्या. अडलास तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे धडे मराठीतून आहेत, तेही फुकट.

ताईच्या लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, असेल, तर बूटच्या सेटिंगला हात लागल्यावर तो 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधी कागदावर उतरवून घे, तिच्या फायलींची दुसरीकडे प्रत काढ, तिला विचार, आणि मगच पेन ड्राइव्ह लाव.

तुझा,
मामा